परभणीचे पाय, अँडीजची हवा

१५ जानेवारी २०१७ रोजी झालेल्या मुंबई मॅरेथॉनमध्ये भारतीय महिलांच्या गटात परभणीच्या ज्योती गवते पहिल्या आल्या. बेचाळीस किलोमीटरहून जास्त अंतर त्यांनी २ तास ५० मिनिटे ५३ सेकंदांत पार केले. त्याच शर्यतीत तिसऱ्या आलेल्या जिग्मेत डोल्मा लडाखच्या. त्यांना ३ तास १४ मिनिटे ३८ सेकंद लागले. पुढे २०१८, २०१९ आणि २०२० अशी सलग तीन वर्षे गवते याच शर्यतीत सुधा सिंग यांच्या पाठोपाठ दुसऱ्या आल्या. गोदावरीच्या खोऱ्यातल्या सपाट काळ्या जमिनीवर, समुद्रसपाटीपासून जेमतेम चारशे मीटर उंचीच्या गावात तयार झालेल्या पायांनी हे करून दाखवले. जगात जर्मनी आणि भारतात परभणी असे आपण मोठ्या हौसेने म्हणतो. या बाबतीत ते म्हणायला आधार आहे.

या निकालातून एक गोष्ट आधी समजून घेतली पाहिजे. उंच प्रदेशात राहिल्याने माणूस सपाटीवर आपोआप वेगवान होत नाही. याची उलट बाजूही तितकीच खरी आहे, आणि तिच्याकडे फार दुर्लक्ष होते. सपाटीवर कितीही वेगवान असलेला माणूस उंचीवर गेला की त्याची तंदुरुस्ती त्याला विरळ हवेपासून वाचवत नाही. मराठवाड्यात गावोगाव पहाटे धावणारे लोक आता दिसतात. त्यांतले काही साताऱ्याची डोंगरी हाफ मॅरेथॉन करतात, काही लेहला जातात, आणि त्यापुढचे स्वप्न म्हणून पेरूमधल्या अँडीज पर्वतातल्या धावमोहिमांची माहिती काढतात. स्थानिक वाटाडे सोबत, सामान खेचरांवर, आणि आपण रोज एका मुक्कामावरून दुसऱ्या मुक्कामापर्यंत डोंगरवाटांनी धावत जायचे, असे या मोहिमांचे स्वरूप असते. त्या वाटांवर सपाटीच्या माणसाचे नेमके काय होते आणि त्याने काय करायला हवे, हे इथे सांगायचे आहे.

सुरुवात हवेपासून करू. उंचावर ऑक्सिजन कमी असतो असे सर्रास म्हटले जाते. प्रत्यक्षात हवेतले ऑक्सिजनचे प्रमाण परभणीत जेवढे, तेवढेच अँडीजच्या खिंडीत असते, सुमारे २१ टक्के. कमी होतो तो हवेचा दाब. समुद्रकाठी तो पाऱ्याच्या ७६० मिलिमीटर इतका असतो. परभणीत तो त्याहून थोडासाच कमी असतो. महाराष्ट्राचे सर्वांत उंच शिखर कळसूबाई, १,६४६ मीटर. तिथे तो सव्वासहाशेच्या आसपास येतो. पेरूमधल्या कुस्को शहरात, ३,४०० मीटरवर, तो पाचशेपर्यंत उतरतो. साडेपाच हजार मीटरवर समुद्रकाठच्या निम्मा राहतो. दाब कमी म्हणजे प्रत्येक श्वासात छातीत शिरणारे ऑक्सिजनचे रेणू कमी, आणि ते फुप्फुसातून रक्तात ढकलणारा जोरही कमी.

म्हणून महाराष्ट्रात कितीही डोंगर चढले तरी उंचीचा खरा सराव होत नाही. कळसूबाईवर दम लागतो तो चढणीचा. पाय, गुडघे आणि हृदय तयार करायला सह्याद्री उत्तम आहे, पण विरळ हवेची तयारी तो करून देऊ शकत नाही. आपल्या राज्याच्या भूगोलाची ही मर्यादा आहे.

उंचीचा धावण्यावर काय परिणाम होतो, हे साऱ्या जगाने एकदम पाहिले ते १९६८ च्या मेक्सिको सिटी ऑलिंपिकमध्ये. ते शहर २,२४० मीटरवर आहे, बरोबर आपल्या उटीइतक्या उंचीवर. १०,००० मीटरचा विश्वविक्रम तेव्हा ऑस्ट्रेलियाच्या रॉन क्लार्क यांच्या नावावर होता, २७ मिनिटे ३९.४ सेकंद. मेक्सिकोत केनियाच्या नफ्ताली टेमू यांनी सुवर्णपदक जिंकले ते २९ मिनिटे २७.४ सेकंदांत, म्हणजे विक्रमापेक्षा जवळपास पावणेदोन मिनिटे जास्त घेऊन. टेमू आणि दुसरे आलेले इथिओपियाचे मामो वोल्डे, दोघेही पूर्व आफ्रिकेच्या पठारावरचे. विश्वविक्रमवीर क्लार्क सहावे आले आणि अंतिम रेषेपलीकडे कोसळले. त्यांना ऑक्सिजन द्यावा लागला. त्याच मैदानावर बॉब बीमन यांनी लांब उडीत ८.९० मीटर अंतर कापून आधीचा विक्रम तब्बल ५५ सेंटिमीटरने मोडला. काही सेकंदांच्या खेळाला विरळ हवेचा अडथळा कमी लागतो, म्हणून तिथे ती मदत करते. जिथे मिनिटामागून मिनिटे ऑक्सिजन लागतो, तिथे तीच हवा माणसाला अडवते.

याचे ढोबळ गणित असे. शरीर जास्तीत जास्त जेवढा ऑक्सिजन वापरू शकते, ती क्षमता दीड हजार मीटरच्या वर दर शंभर मीटरला सुमारे एक टक्क्याने घटते. कुस्कोत पाय ठेवताच धावपटूची जवळपास पंचमांश ताकद गेलेली असते. माचू पिचूकडे जाणाऱ्या इंका वाटेवर ४,२१५ मीटरची वार्मिवान्युस्का खिंड लागते. तिथे पाव भागाहून जास्त जाते. पाच हजार मीटरवर एक तृतीयांश. हा तोटा ऑलिंपिक धावपटूलाही होतो आणि हौशी धावपटूलाही. उलट, ज्याची क्षमता मुळात मोठी त्याची घट बहुधा जास्तच दिसते.

तरीही याच वाटांवर माणसे शतकानुशतके धावत आली आहेत. इंका साम्राज्याचा रस्ता, कापाक न्यान, सुमारे ३०,००० किलोमीटरचे जाळे होता. आजच्या कोलंबियापासून चिली-अर्जेंटिनापर्यंत सहा देशांत तो पसरलेला आहे, आणि २०१४ मध्ये युनेस्कोने त्याला जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली. या साम्राज्याला चाकाची गाडी माहीत नव्हती, घोडा नव्हता आणि लिपीही नव्हती. निरोप नेत ते चास्की नावाचे धावपटू. रस्त्यावर ठरावीक अंतराने त्यांच्या चौक्या असत. एक चास्की शंख फुंकत जवळ येई, पुढचा तयार होऊन त्याच्याबरोबर काही पावले धावे, तेवढ्यात तोंडी निरोप आणि गाठींचा दोरा, म्हणजे किपू, हातोहात पुढे जाई. अशा साखळीने निरोप दिवसाला दोनशे किलोमीटरहून जास्त अंतर कापत असे, असे मानले जाते. एका चास्कीच्या वाट्याला मात्र थोडेच अंतर येई. एवढ्या उंचीवर कोणा एकाला सलग पळवत ठेवण्यापेक्षा काम वाटून घेण्याचे शहाणपण त्या राज्यव्यवस्थेत होते. मला त्या रस्त्यातली सर्वांत मोठी गोष्ट हीच वाटते.

आजच्या धावमोहिमा त्याच दगडी पायऱ्यांवरून आणि आजूबाजूच्या मेंढपाळांच्या वाटांवरून जातात. सर्वांत प्रसिद्ध इंका वाट साधारण ४३ किलोमीटरची. पदयात्री ती चार दिवसांत करतात. सराव झालेले धावपटू एका दिवसातही करतात. त्या वाटेवर दिवसाला ५०० जणांनाच प्रवेश असतो, त्यात हमाल आणि वाटाडेही आले, आणि फेब्रुवारीत डागडुजीसाठी ती बंद असते. दुसरी वाट औसांगाते पर्वताभोवतीची, सुमारे सत्तर किलोमीटरची. पर्वत ६,३०० मीटरहून उंच, आणि त्याला वळसा घालताना पाच हजार मीटरच्या आसपासच्या खिंडी ओलांडाव्या लागतात. साल्कांताय खिंडीची तिसरी वाट ४,६०० मीटरच्या वर जाते. मे ते सप्टेंबर हा तिथला कोरडा हंगाम. आपल्याकडे जूनमध्ये पेरणीची घाई असते तेव्हा तिथे हिवाळा असतो, आणि उंचावरच्या छावणीत रात्री पाणी गोठते.

मोहिमेत पुढे एक वाटाड्या धावतो आणि सर्वांच्या शेवटी दुसरा. शेवटच्याच्या पाठीवर ऑक्सिजनची छोटी टाकी, औषधे आणि संपर्काचे साधन असते. खिंडीवरची चढण कोणी धावत नाही, वाटाडेही चालतात. धावायचे ते उतारावर आणि पठारी टप्प्यांवर. परभणीच्या रस्त्यावर घड्याळ पाहून वेग राखणाऱ्याला हे जड जाते, पण तिथे घड्याळ बाजूला ठेवून श्वासाकडेच पाहावे लागते. धावताना एक पूर्ण वाक्य बोलता येत नसेल तर वेग जास्त आहे, असा साधा नियम.

शरीर या हवेशी कसे जुळवून घेते, हे कळले की मोहिमेतला प्रत्येक नियम कळतो. पहिल्या काही मिनिटांतच श्वास जलद होतो आणि हृदयाचे ठोके वाढतात. जलद श्वासामुळे कार्बन डायऑक्साइड जास्त बाहेर पडतो, रक्त किंचित अल्कधर्मी होते, आणि मेंदूतले श्वासाचे केंद्र त्यामुळे पुन्हा श्वास आवरते. झोपेत ही ओढाताण ठळक दिसते. श्वास खोल होत जातो, मग काही क्षण थांबतोच, आणि माणूस दचकून जागा होतो. मूत्रपिंडे दोन-चार दिवसांत जास्तीचे बायकार्बोनेट बाहेर टाकतात, तेव्हा कुठे हा ताण कमी होतो. पहिल्या दिवसांत वारंवार लघवीला जावे लागते आणि रक्तातले पाणी कमी होऊन रक्त दाट होते. नव्या तांबड्या पेशी तयार करण्याचा आदेश देणारे एरिथ्रोपोएटिन हे संप्रेरक काही तासांतच वाढते, पण पेशी प्रत्यक्ष वाढायला आठवडे लागतात. म्हणजे दहा-बारा दिवसांच्या मोहिमेत माणूस तगतो तो मुख्यतः श्वास आणि मूत्रपिंडांच्या जुळवणीवर. नवे रक्त तयार होते तोपर्यंत परतीचे तिकीट आलेले असते.

कोविडच्या काळात घरोघर बोटाला लावायचा ऑक्सिमीटर आला, त्यामुळे पुढची गोष्ट आपल्या वाचकाला सांगणे सोपे झाले आहे. २०२१ मध्ये आकडा ९४ च्या खाली गेला की घरात धावपळ सुरू होई. कुस्को किंवा लेहला नुकत्याच उतरलेल्या निरोगी माणसाचा आकडा नव्वदच्या आसपास किंवा त्याखालीही असतो, आणि पाच हजार मीटरवर तो ऐंशीच्या घरात येतो. तिथे नुसता आकडा पाहून घाबरू नये, आणि आकडा बरा आहे म्हणून डोकेदुखी अंगावर काढू नये. माणसाची लक्षणे आकड्यापेक्षा जास्त खरे सांगतात.

लक्षणांची पहिली पायरी म्हणजे उंचीचा सौम्य आजार. पोहोचल्यावर सहा ते बारा तासांत डोके धरते, मळमळते, जेवण नको वाटते, अंग गळून जाते. स्पॅनिश धर्मोपदेशक होसे दे आकोस्ता यांनी पेरूमधल्या पारियाकाका घाटात झालेल्या अशाच त्रासाचे वर्णन १५९० मध्ये छापलेल्या आपल्या ग्रंथात केले आहे. आजार इथे थांबला आणि माणूसही थांबला, तर दोन दिवसांत बहुतेकांना बरे वाटते. माणूस तसाच चढत राहिला तर दोन भयंकर गोष्टी घडू शकतात. एक, फुप्फुसात पाणी भरते. बसल्या जागी धाप लागते, कोरडा खोकला येतो, नंतर फेसाळ थुंकी पडते. दुसरी, मेंदूला सूज येते. माणूस बडबडतो, तोल जातो, सरळ रेषेत टाचेला अंगठा लावून चालता येत नाही. दोन्हींवर पहिला आणि सर्वांत खात्रीचा उपाय एकच, ताबडतोब खाली उतरणे. रात्र असली तरी.

या विषयातले मोलाचे ज्ञान भारतीय सैनिकांच्या अनुभवातून आले आहे. १९६२ च्या चीन युद्धात सपाटीवरचे हजारो जवान काही दिवसांत हिमालयाच्या उंचीवर पोहोचवले गेले. त्यांतल्या १,९२५ जवानांच्या आजाराचा अभ्यास लष्करातले डॉक्टर इंदर सिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६९ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये प्रसिद्ध केला. जगभरचे डॉक्टर आजही त्याचा आधार घेतात. ते जवान तरुण होते, धट्टेकट्टे होते, कवायतीने कसलेले होते. तरीही ते आजारी पडले. तंदुरुस्ती आणि उंची सोसण्याची शक्ती या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, याचा याहून मोठा पुरावा शोधायला नको.

आपल्या लष्कराचा आजचा नियम त्याच अनुभवावर उभा आहे. ९,००० ते १२,००० फुटांच्या टप्प्यात सहा दिवस, त्यातले पहिले दोन पूर्ण विश्रांतीचे. १२,००० ते १५,००० फुटांत आणखी चार दिवस. त्याहून वर जायचे तर पुन्हा चार. म्हणजे १५,००० फुटांवर खरे काम सुरू करण्यापूर्वी एकंदर चौदा दिवस. पर्यटकांसाठी डॉक्टर असे सांगतात की, ३,००० मीटरच्या वर गेल्यावर रोजच्या मुक्कामाची उंची पाचशे मीटरहून जास्त वाढवू नये आणि दर तीन-चार दिवसांनी एक दिवस थांबावे. दिवसा उंच चढून रात्री खाली झोपलेले चालते. मोजायची ती मुक्कामाची उंची. शेगावच्या गजानन महाराजांची पालखी दर वर्षी परभणी जिल्ह्यातून पंढरपूरला जाते. वारकऱ्याला रोजच्या चालीपेक्षा मुक्काम कुठे, हे आधी ठाऊक असते. उंचीवरच्या मोहिमेची आखणीही तशीच मुक्कामाच्या गणितावर होते.

इथेच परभणीहून निघणाऱ्या माणसाची खरी अडचण आहे. घरून रेल्वेने मुंबई, तिथून एक-दोन विमाने बदलून लिमा, आणि लिमा तर समुद्राच्या काठावर. लिमाहून कुस्कोचे विमान तासा-सव्वातासात माणसाला शून्यावरून ३,४०० मीटरवर नेऊन ठेवते. दिल्ली ते लेहचा प्रवासही असाच. त्यात पेरूचे घड्याळ आपल्यापेक्षा साडेदहा तास मागे, त्यामुळे झोपेचे वेगळेच हाल. जाणकार वाटाडे पाहुण्यांना कुस्कोत न थांबवता थेट उरुबांबा नदीच्या खोऱ्यात उतरवतात. तिथली ओयांतायतांबो वगैरे गावे २,८०० मीटरच्या आसपास आहेत. तिथे दोन-तीन रात्री, मग कुस्को, मग वर. मोहिमेचे पत्रक हातात आले की फोटो नंतर पाहावेत. आधी कोणत्या रात्री कुठे झोपायचे आणि त्या जागेची उंची किती, हे कागदावर लिहून काढावे. विमानातून उतरल्यावर दुसऱ्या-तिसऱ्याच दिवशी चार हजार मीटरवर मुक्काम ठेवणारी मोहीम कितीही स्वस्त असली तरी घेऊ नये.

लेहच्या आयोजकांनी ही शिस्त चांगली रुजवली आहे. २०१२ मध्ये सुरू झालेल्या लडाख मॅरेथॉनसोबत ७२ किलोमीटरची खारदुंगला चॅलेंज होते. ती खिंड ५,३०० मीटरहून उंच. तिथे धावणाऱ्याने बरेच दिवस आधी लेहला येऊन राहावे लागते. माझे मत विचाराल तर मराठवाड्यातल्या धावपटूने अँडीजपूर्वी एकदा लेह करावे. पेरूपेक्षा खर्च कितीतरी कमी, भाषा जवळची, आणि आपल्या शरीराला उंची कशी मानवते हे कळते. एकदा उंचीचा त्रास झालेल्याला पुन्हा होण्याची शक्यता जास्त असते, आणि आपल्याला तो होतो का, ही माहिती कोणत्याही तपासणीत मिळत नाही.

शेजारच्या बीड जिल्ह्याचे अविनाश साबळे यांचा उल्लेख इथे यायलाच हवा. आष्टी तालुक्यातल्या मांडव्याच्या या शेतकरी कुटुंबातल्या मुलाने महार रेजिमेंटमध्ये भरती झाल्यावर सियाचिनसारख्या ठिकाणी सेवा केली. २०२२ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत ३,००० मीटर स्टीपलचेसमध्ये त्यांनी ८ मिनिटे ११.२० सेकंद वेळ देऊन रौप्यपदक मिळवले. सुवर्ण अवघ्या सेकंदाच्या पाच शतांशांनी हुकले. सियाचिनच्या हवेनेच त्यांना घडवले, असे अनेकांना वाटते. शरीरशास्त्र मात्र तसे सांगत नाही. उंचीवर वाढलेल्या तांबड्या पेशी खाली आल्यावर काही आठवड्यांत ओसरतात. कित्येक वर्षांपूर्वीच्या उंचीचा रक्ताला फायदा उरत नाही. सियाचिनने त्यांना कणखरपणा दिला असेल, त्याबद्दल वाद नाही. रक्ताचा फायदा झाला तो नंतरच्या पद्धतशीर सरावाने. अमेरिकेतल्या कोलोरॅडो स्प्रिंग्जमध्ये, सुमारे १,८४० मीटरवर, ते प्रशिक्षणासाठी राहिले.

त्या सरावामागचे तत्त्व लेव्हिन आणि स्ट्रे-गंडरसन या अमेरिकी संशोधकांनी १९९७ मध्ये मांडले. राहायचे उंचावर, साधारण अडीच हजार मीटरवर, आणि वेगाचा सराव करायचा खाली, जिथे पाय पूर्ण जोराने पळू शकतात. चार आठवड्यांत त्यांच्या धावपटूंची ५,००० मीटरची वेळ सुमारे दीड टक्क्याने सुधारली. दीड टक्का ऐकायला थोडा वाटतो, पण पदक आणि चौथा क्रमांक यांत त्याहून कमी अंतर असते. आपल्याकडे उटी आणि हिमाचलमधले शिलारू ही अशा सरावाची ठिकाणे. मराठवाड्यातल्या होतकरू मुला-मुलींना वर्षातून महिनाभर तिथे पाठवणे कोणत्याही जिल्ह्याला झेपण्यासारखे आहे.

परभणीच्या धावपटूकडे एक भांडवल मात्र घरचेच आहे, इथला उन्हाळा. पारा ४२-४४ अंशांवर जाणाऱ्या प्रदेशात दोन आठवडे बेताने सराव केला तर रक्तातले पाणी वाढते, घाम लवकर सुटतो, त्याच वेगाला हृदयाचे ठोके कमी पडतात. नॉर्वेच्या संशोधकांनी सायकलपटूंना पाच आठवडे उष्णतेत सराव देऊन पाहिला, तेव्हा त्यांचे एकूण हिमोग्लोबिनही वाढलेले आढळले. उष्णता उंचीची जागा घेत नाही, पण निघण्यापूर्वी रक्त सुधारण्याचा हा एक मार्ग आहे. पहाटे सहाला किंवा सूर्य कलल्यावर, पाणी आणि मीठ सोबत ठेवून. भर दुपारी पळणे म्हणजे उष्माघाताला निमंत्रणच आहे, ते कोणीही करू नये.

दुसरी तयारी उतारांची. अँडीजमध्ये दगडी पायऱ्यांवरून हजार-हजार मीटर खाली धावावे लागते, आणि सपाटीच्या माणसाच्या मांड्या तिथे पहिल्याच दिवशी आखडतात. जिल्ह्यात जिंतूरच्या डोंगररांगा आहेत, गंगाखेडच्या बाजूला बालाघाटचे उतार आहेत. आठवड्यातून एकदा तिथे जाऊन सावकाश उतरण्याचा सराव तीन-चार महिने केला तर मांड्या तयार होतात.

तिसरी तयारी रक्ताची, आणि ती सर्वांत जास्त दुर्लक्षित आहे. तांबड्या पेशी वाढवण्यासाठी शरीराला लोह लागते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रातल्या निम्म्याहून अधिक स्त्रियांना रक्तक्षय आहे. लोहाचा साठा रिकामा असताना उंचीवर गेलेल्याला आठवडे राहूनही फायदा मिळत नाही, फक्त थकवा मिळतो. म्हणून हिमोग्लोबिनसोबत फेरिटिनची, म्हणजे लोहाच्या साठ्याची, तपासणी निघण्याच्या तीन महिने आधी करावी. सिकलसेलचा गुणधर्म अंगात असलेल्यांनी तर डॉक्टरांशी बोलल्याशिवाय जाऊच नये; विरळ हवेत त्यांच्या प्लीहेला गंभीर इजा होऊ शकते.

औषधांविषयी दोन गोष्टी. अ‍ॅसिटाझोलामाइड ही गोळी उंचीचा आजार टाळायला मदत करते, पण ती डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्यायची. सल्फाची अ‍ॅलर्जी असलेल्यांनी तर विशेष सांभाळायचे. अधिकृत स्पर्धांत धावणाऱ्यांनी लक्षात ठेवावे की ती उत्तेजकविरोधी नियमांत बंदी असलेल्या औषधांच्या यादीत आहे. कुस्कोत हॉटेलात शिरताच कोकाच्या पानांचा चहा पुढे येतो. पेरूत तो कायदेशीर आणि घरोघरचा. स्पर्धेतल्या धावपटूने तोही टाळावा, कारण चाचणीत त्याचा अंश सापडतो. आणि ती पाने कोणीही भारतात आणू नयेत. आपल्या १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्यानुसार तो गुन्हा आहे.

खाण्याची काळजी फारशी करायला नको. बटाटा मूळचा अँडीजचाच, आणि तिथे त्याच्या हजारो जाती पिकतात. आपल्या शेंगदाण्याचे मूळही दक्षिण अमेरिकेत आहे, मिरचीही मराठवाड्यात अमेरिका खंडातूनच आली. उंचीवर भूक मरते, त्यामुळे चव ओळखीची असलेले घरचे काहीतरी सोबत असावे. शेंगदाण्याची चटणी तिथे फार कामी येते. पिठूळ पदार्थ जास्त खावेत, कारण तेवढ्याच ऑक्सिजनमध्ये ते चरबीपेक्षा थोडी जास्त ऊर्जा देतात.

तिथल्या वाटाड्यांशी स्पर्धा करू नका. हजारो वर्षे त्या उंचीवर वाढलेल्या केचुआ लोकांची छाती रुंद असते, रक्तात हिमोग्लोबिन जास्त असते. तिबेटी लोकांच्या शरीराने वेगळी वाट काढली. ते जास्त श्वास घेतात, आणि २०१० च्या संशोधनात दिसलेल्या एका जनुकीय बदलामुळे त्यांचे रक्त फार दाट होत नाही. अँडीजमधल्या काहींना दाट रक्ताचा जुनाट आजार जडतो. पेरूच्या कार्लोस मोंगे यांनी त्याचे वर्णन १९२५ मध्ये केले. पिढ्यान् पिढ्या तिथे काढलेल्या माणसांनाही उंचीची किंमत मोजावी लागते, हे यातून दिसते.

परभणी, सेलू, गंगाखेड, जिंतूर, कुठूनही निघणार असाल तर मोहिमेचे पैसे भरण्यापूर्वी दोन कामे करा. आधी रक्त तपासून घ्या. मग कुस्कोच्या विमानतळावर उतरण्याच्या आणि प्रत्यक्ष धावायला सुरुवात करण्याच्या मध्ये किमान सहा-सात दिवस मोकळे ठेवा. तेवढी रजा मिळत नसेल तर यंदा जाऊ नका, पुढच्या वर्षी जा.